अण्णा, तो नऊ आकडी नंबर सांगा : घरचा कम्प्युटर लांबून उघडताना

(ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं असं कळवणाऱ्यांसाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना सैल सुटलेली काही वाक्यं आवळली आहेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता. घरचा कम्प्युटर गावाला, तुम्ही पुण्यात नाहीतर बंगळुरात, हातात फक्त फोन, आणि घरून फोन येतो, ‘अरे, ते प्रिंटच निघत नाहीये.’ मग लांबून त्या कम्प्युटरची स्क्रीन आपल्या फोनवर कशी आणायची?

दहा मिनिटांचं काम आहे. मी पण दहा मिनिटांतच केलं होतं. त्या दहा मिनिटांत काय चुकलं, ते कळायला मला दोन वर्षं आणि पंचवीस हजार रुपये लागले. म्हणून आज सेटअप सांगणार आहे, पण सरळ रस्त्याने नाही.

आमचं घर उरवड्याचं. मुळशीतलं. चांदणी चौकातून पिरंगुटला आलात की लवासाकडे जो रस्ता वळतो, त्या रस्त्यावर. अण्णा पिरंगुटच्या एका कंपनीत फिटर होते. नोकरी सुटल्यावर घरामागच्या शेडमध्ये एक लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन टाकलं, आजूबाजूच्या कंपन्यांचं जॉब वर्क घेतात. त्याची चलनं, बिलं, जीएसटी हे सगळं एका कम्प्युटरवर. आठव्या पिढीचा आयथ्री, टॅली, एक प्रिंटर, एक यूपीएस. मी बीटेक झालो, बंगळुरात लागलो, आणि त्या दिवसापासून त्या कम्प्युटरचा कस्टमर केअर मीच.

सुरुवातीला फोनवरच चालायचं. ‘अण्णा, डावीकडे वर काय दिसतंय?’ ‘काही नाही दिसत.’ ‘काहीच नाही?’ ‘गणपती दिसतोय.’ तो वॉलपेपर. अर्ध्या तासाने कळायचं की खिडकी मिनिमाइझ झाली होती.

मग मी एक प्रसिद्ध रिमोट ॲप टाकलं. नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष ॲपचा नव्हता. पद्धत तुम्हाला माहीत असेल: ॲप उघडलं की एक नंबर दिसतो, समोरच्याने तो सांगायचा, आपण आपल्याकडे टाकायचा, मग तिकडे ‘ॲक्सेप्ट’ येतं, ते दाबायचं. झालं. त्यानंतर आमच्या घरचं संभाषण म्हणजे: ‘अण्णा, तो नऊ आकडी नंबर सांगा.’ ते सांगायचे. ‘आता हिरवं बटण दाबा.’ ते दाबायचे. महिन्यातून आठ-दहा वेळा, दोन वर्षं.

आता थोडं आत काय चालतं ते बघू, कारण पुढचं कळायला ते लागेल.

स्क्रीन लांबून बघायची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ऑलिव्हेटी अँड ओरॅकल रिसर्च लॅबने व्हीएनसी नावाचं सॉफ्टवेअर बनवलं आणि १९९८ मध्ये सगळ्यांसाठी मोकळं केलं. (त्या टीममधल्या क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी त्याआधी विद्यापीठात एका कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावून कॉफी आहे की संपली, हे कम्प्युटरवर दिसायची सोय केली होती. म्हणजे जागेवरून न उठण्याची इच्छा हीच मूळ प्रेरणा.) व्हीएनसीची युक्ती साधी: अख्खी स्क्रीन सारखी पाठवायची नाही, जेवढा चौकोन बदलला तेवढाच पाठवायचा. म्हणून अशा ॲपवर टॅली छान पळतं, कारण आकडा बदलला की तेवढाच तुकडा जातो. आणि यूट्यूब लावलं की रडतं, कारण सगळी स्क्रीन सतत बदलत असते.

दुसरा प्रश्न, घरच्या कम्प्युटरपर्यंत पोचायचं कसं? जुनी यूट्यूब व्हिडिओ सांगतात, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते चालतच नाही. आयपीव्हीफोरचे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी, ते कधीच कमी पडले. म्हणून इंटरनेट देणारे एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. सीजीनॅट म्हणतात त्याला. सोसायटीच्या गेटचा पत्ता एकच आणि आत दोनशे फ्लॅट, पोस्टमनला फ्लॅट नंबर माहीतच नाही, असा प्रकार. तपासायचं असेल तर राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ बघा. तो १०० पूर्णविराम ६४ ते १०० पूर्णविराम १२७ च्या पट्ट्यात असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मी पहिल्यांदा हे न तपासता एक अख्खा रविवार पोर्ट फॉरवर्डिंगवर घालवलाय. आमच्या केबलवाल्याचं फायबर घरी येतं, त्याला फोन करून ‘पब्लिक आयपी’ मागितला, तर तो म्हणाला, ‘दादा, नेट चालू आहे ना?’

आणि खरं तर बरंच झालं. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट उघडं टाकलं की जगभरचे बॉट दार ठोठावायला येतात. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाची त्यातली फट सापडली, ती इतकी वाईट होती की मायक्रोसॉफ्टने पाच वर्षांपूर्वी सपोर्ट बंद केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. तेव्हा पोर्ट उघडू नका. एवढंच.

रिमोट ॲप्स यातून वाट कशी काढतात? तुमचा घरचा कम्प्युटर स्वतःच बाहेर फोन लावून ठेवतो, ॲप कंपनीच्या सर्व्हरला. तुमचा मोबाईलही त्याच सर्व्हरला फोन लावतो. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. म्हणजे गेट आतून उघडलं जातं. आणि तो नऊ आकडी नंबर म्हणजे कुठल्या कम्प्युटरशी गाठ घालायची, त्याचा पत्ता.

आता तो गुरुवार.

दोन वर्षांपूर्वीचा आषाढ. पुणे भागातल्या लोकांना माहीत आहे, गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा दिवस, सकाळपासून लाईट नाही. आमच्याकडे पाचला आली. साडेपाचला अण्णांना फोन. ‘महावितरणमधून बोलतोय, तुमचं मागचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कापणार.’ हा फसवणुकीचा जुना नमुना आहे, महावितरणने त्याबद्दल किती वेळा सावध केलंय. पण दिवसभर लाईट नसलेल्या माणसाला तो फोन खोटा वाटत नाही. उद्या सकाळी माल द्यायचा होता, लेथ बंद पडून चालणार नव्हता.

तो म्हणाला, दहा रुपये भरले की अपडेट होईल. कम्प्युटर आहे का? आहे. मग अमुक ॲप टाका. अण्णा अभिमानाने म्हणाले, ‘ते आहे की आमच्याकडे. मुलाने टाकलंय.’

‘मग तो नऊ आकडी नंबर सांगा.’

अण्णांनी सांगितला. हिरवं बटण दाबलं. नेटबँकिंग उघडून दहा रुपये भरायला घेतले.

तुम्ही म्हणाल, ओटीपी? अण्णा ओटीपी कुणालाही सांगत नाहीत, ते त्यांना पक्कं माहीत होतं आणि त्यांनी सांगितलाही नाही. पण मोबाईलवरचे मेसेज त्यांना बारीक दिसायचे, म्हणून त्याच कम्प्युटरवर ब्राउझरमध्ये मेसेजची खिडकी जोडून दिली होती. मोठ्या अक्षरात. मीच. ओटीपी त्याच स्क्रीनवर आला, आणि स्क्रीन तर समोरच्याला दिसतच होती. पासवर्ड आणि ओटीपी हे दोन वेगळे कुलूप असायला हवेत, मी दोन्हींच्या किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्या होत्या.

मग स्क्रीन काळी झाली. या ॲप्समध्ये तशी सोय असते, इकडच्याला काही दिसत नाही, तिकडचा काम करत राहतो. अण्णांना तिथे संशय आला. का, तर मी कधी स्क्रीन काळी करत नाही. ते उठले आणि बोर्डवरचं मेन स्विच पाडलं.

कम्प्युटर चालूच राहिला.

कारण यूपीएस. लाईट गेली तरी माझं कनेक्शन तुटू नये म्हणून मागच्या दिवाळीत मी नवीन बॅटरी टाकली होती, आणि राउटरचा ॲडाप्टरही त्याच यूपीएसवर घेतला होता. यूपीएस टुकटुक वाजत होता आणि आतलं काम सुरळीत चालू होतं. आता बटण दाबून कम्प्युटरच बंद करायचा ना? तर तेही नाही, कारण टॅली चालू होतं, आणि ‘टॅली चालू असताना डायरेक्ट बटण दाबायचं नाही, डेटा जातो’ म्हणून मी त्यांच्यावर एकदा चिडलो होतो. त्यांनी मला फोन लावला. तीनदा. मी मीटिंगमध्ये होतो, फोन सायलेंटवर.

शेवटी आईने भिंतीतून यूपीएसची वायर ओढली, तरी तो चालूच, मग मागून दिसेल ती प्रत्येक वायर ओढली. तोवर दोन व्यवहार झाले होते. एक पंचवीस हजार, एक चोवीस हजार नऊशे.

मी सव्वासहाला फोन बघितला. १९३० ला लावला, हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाईन नंबर, पाठ करून ठेवा. बँकेला कळवून खातं गोठवलं, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली, दुसऱ्या दिवशी अण्णा पौडला जाऊन आले. चोवीस हजार नऊशे पुढच्या खात्यात अडवता आले आणि काही महिन्यांनी परत मिळाले. पंचवीस गेले ते गेले. इथे एक नियम सांगून ठेवतो, रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे: ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाज वाटून रात्रभर गप्प बसू नका. मिनिटाला किंमत आहे.

मी त्या रात्री फोनवर अण्णांना म्हणालो, अनोळखी माणसाला नंबर कसा दिलात? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आवाज वेगळा होता. प्रश्न तेच होते.’

मला उत्तर सुचलं नाही. दोन वर्षं मी त्यांना तेच शिकवलं होतं ना. फोन आला, की नंबर वाचायचा, आणि बटण दाबायचं. त्या माणसाला काही नवीन शिकवावंच लागलं नाही. नंतर शोधलं तर कळलं, रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना याच पद्धतीबद्दल सावध केलं होतं: ॲप टाकायला लावतात, नऊ आकडी नंबर मागतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि मला ते माहीत नव्हतं.

म्हणून आमच्या घरचा आताचा नियम: फोनवर कुठलाही नंबर सांगायचा नाही. ओटीपी नाही, पिन नाही, आयडी नाही. मलासुद्धा नाही. ‘अनोळखी माणसाला सांगू नका’ हा नियम चालत नाही, कारण फसवणारा अनोळखी वाटतच नाही. ‘कुणालाच नाही’ हा चालतो, त्यात विचार करावा लागत नाही. पण हा नियम पाळायचा तर सेटअपच असा हवा की नंबर विचारायची वेळच येऊ नये. आता तो सांगतो.

अण्णांच्या कम्प्युटरवर विंडोजची होम आवृत्ती आहे. होममध्ये विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप यजमान म्हणून चालत नाही, प्रो लागतं. आणि प्रो असतं तरी मी तो वापरला नसता, कारण आपण आत शिरलो की तिकडची स्क्रीन लॉक होते. अण्णांना दाखवत दाखवत करायचं असेल तर काय उपयोग?

मी क्रोम रिमोट डेस्कटॉप घेतलं. फुकट आहे. गावी गेलेलो असताना, त्या कम्प्युटरसमोर बसून केलं. हे महत्त्वाचं. पहिला सेटअप लांबून करू नका. त्यासाठी वेगळं गूगल खातं उघडलं, दुसऱ्या कशालाच न वापरलेलं, टू-स्टेप चालू केलेलं. क्रोममध्ये रिमोटडेस्कटॉप डॉट गूगल डॉट कॉम उघडायचं. तिथे दोन गोष्टी दिसतात. ‘रिमोट सपोर्ट’ म्हणजे बारा आकडी कोड वाचून दाखवायचा प्रकार, म्हणजे परत तेच, तिकडे जायचं नाही. ‘रिमोट ॲक्सेस’ घ्यायचं, इन्स्टॉलर उतरवायचा, कम्प्युटरला नाव द्यायचं, पिन ठरवायचा. पिन किमान सहा आकडी लागतो, जन्मतारीख टाकू नका. मग आपल्या फोनवर त्याच नावाचं ॲप, तेच खातं, कम्प्युटरच्या नावावर टॅप, पिन. तिकडे कुणी काही दाबायचं नाही, काही वाचायचं नाही. आणि मी आत असलो की अण्णांच्या स्क्रीनवर खाली पट्टी दिसते, शेअरिंग चालू आहे म्हणून, बाजूला ते थांबवायचं बटण. त्यांनी ते दाबलं की मी बाहेर.

लाईट जाऊन कम्प्युटर परत सुरू झाला तरी हे चालतं, लॉगिनच्या स्क्रीनवरसुद्धा, कारण ते विंडोजच्या आत सर्व्हिस म्हणून चालतं. अर्थात विंडोजला पासवर्ड हवाच. लाईट आली की आपोआप सुरू व्हावा असं वाटत असेल तर बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ शोधा. प्रत्येक बोर्डवर नाव थोडं वेगळं असतं. स्लीप मात्र बंद ठेवा, झोपलेल्या कम्प्युटरला लांबून उठवायची युक्ती आहे, वेक-ऑन-लॅन, पण त्यासाठी घरात दुसरं काहीतरी जागं लागतं. आम्ही त्या भानगडीत पडलो नाही. सकाळी नऊ ते रात्री आठ चालू, मग बंद. ४० वॉट धरले तरी चोवीस तासांचं जवळपास एक युनिट होतं, आणि रात्री मला तिथे काही काम नाही.

(ज्यांना गूगलमधून जायचंच नाही त्यांच्यासाठी: टेलस्केल आणि रस्टडेस्क ही जोडी बघा. टेलस्केल वायरगार्डवर चालतं, तुमची सगळी यंत्रं एका खाजगी जाळ्यात आणतं, सीजीनॅट असलं तरी. मी माझ्या स्वतःच्या मशीनला तेच वापरतो. अण्णांच्या नाही, कारण बिघडलं तर दुरुस्त करायला मला गावी जावं लागेल.)

मग बाकीची साफसफाई. जुनं ॲप काढलं. मेसेजची खिडकी तोडली. बँकेला जोडलेलं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकलं, आता ओटीपी आला तरी त्या फोनवरच, आणि तो फोन शेडमध्ये खिळ्याला असतो. नेटबँकिंगची रोजची मर्यादा कमी केली. अण्णांचं विंडोज खातं साधं केलं, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा. याने सगळा बंदोबस्त होतो असं नाही, ही ॲप्स इन्स्टॉल न करताही चालतात, पण एक अडथळा वाढतो.

आणि राउटरचा ॲडाप्टर यूपीएसवरून काढला. कम्प्युटरला वायफाय नाही, एकच नेटची वायर आहे, तिला लाल चिकटपट्टी गुंडाळली. काही विचित्र दिसलं की लाल वायर ओढायची. टॅलीला काही होत नाही, फक्त बाहेरचा माणूस तुटतो. आईला चार वेळा ओढायला लावली, सरावासाठी. ती म्हणाली, ‘हे आधी सांगायला काय झालं होतं?’

एक गोष्ट अजून, ती सेटअपमध्ये येत नाही. नंबर विचारायची गरज संपली म्हटल्यावर मी केव्हाही आत जाऊ लागलो. बॅकअप घ्यायला, अपडेट टाकायला. एका रात्री, तेव्हा आठला बंद करायचं ठरलं नव्हतं, मी कनेक्ट झालो तर ब्राउझर उघडा होता आणि शोधाच्या चौकटीत ‘जुना लेथ विक्री किंमत’ लिहिलेलं. अण्णा बाजूला कुठे गेले असावेत. मी लगेच बाहेर पडलो, पण वाचलं ते वाचलंच. महिनाभर मला माहीत होतं आणि त्यांनी सांगितलेलं नव्हतं. फोनवर बोलताना मी मुद्दाम कामाच्या ऑर्डरी विचारायचो, ते ‘चाललंय’ म्हणायचे. शेवटी मीच कबूल केलं. ते चिडले नाहीत. फक्त म्हणाले, ‘दारावर टकटक तर करत जा.’ लेथ अजून आहे. त्या विषयावर आम्ही नीट बोललो, ते इथे नको.

तेव्हापासून आधी फोन. ‘अण्णा, येऊ का?’ कधी ‘ये’ म्हणतात, कधी ‘थांब, हे चलन होऊ दे.’ मीही थांबतो.

परवा थ्रीबी भरायची वीस तारीख जवळ आली म्हणून फोन केला, ‘ये’ म्हणाले, आणि पिन टाकला तर चुकीचा. परत टाकला. चुकीचा. म्हटलं, अण्णा, पिन घेत नाहीये.

‘बदललाय.’

‘तुम्ही? कसा?’

‘त्या पानावर पेन्सिलीचं चित्र आहे.’

‘बरं. नवीन काय आहे?’

‘फोनवर नाही सांगत. गौरीला येशील तेव्हा बघ.’

थ्रीबी त्यांनी स्वतःच भरली. एका ठिकाणी अडले, तर फोनवर विचारलं, डावीकडे वर काय आहे ते व्यवस्थित सांगत होते. टॅलीचा बॅकअप तेवढा राहिलाय.